उजव्या पायाची तार

मध्यम वर्गांतील क्वचितच एखादें कुटुंब आज असें सांपडेल कीं, ज्याच्या कपाटांत हृदयाच्या आलेखाची ती बारीक चौकटींची पट्टी जपून ठेवलेली नाहीं. वडील माणसाच्या छातींत कळ आली, किंवा शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टरांनीं सांगितलें, म्हणजे परिचारिका येते, मनगटांना व घोट्यांना चार चिमटे लावते, छातीवर सहा ठिकाणीं वाट्या बसविते, आणि दोनतीन मिनिटांत ती वेडीवांकडी रेषा आपल्या हातीं पडते. रेषेचा अर्थ डॉक्टर सांगतात. घरचीं माणसें त्यांच्या तोंडाकडे पाहात असतात. यंत्राविषयीं विचारण्याचें त्या घटकेला कोणाला सुचत नाहीं, आणि तें योग्यच आहे. परंतु प्रसंग टळल्यावर एखाद्या चौकस वाचकानें तो कागद पुन्हां उघडून पाहिला, तर त्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळेल. आलेखाच्या बारा अंगांपैकीं एकाच्याही हिशेबांत उजवा पाय येत नाहीं. उजवा हात येतो, डावा हात येतो, डावा पाय येतो, छातीवरचीं सहा स्थळें येतात. उजव्या पायाला चिमटा मात्र लावलेला असतो आणि त्याची तार यंत्रांत गेलेलीही असते. जिच्यापासून कांहींच मोजावयाचें नाहीं अशी ही तार कशाकरितां?

याचें उत्तर द्यावयाचें तर दोनशें वर्षांहून अधिक मागें जावें लागतें. कारण शरीरांतील वीज मोजण्याचा सारा इतिहास, सूक्ष्म वस्तु मोठी करून दाखविण्याचा जितका आहे, त्याहून अधिक ती इतर वस्तूंपासून निवडून काढण्याचा आहे. मोठें करणें ही त्यांतली सोपी बाजू होय. धान्य दळणें सोपें. त्यांतले खडे वेंचणें हें डोळ्यांचें काम.

बोलोन्या येथील शारीरशास्त्राचा अध्यापक लुइजी गॅल्व्हानी यानें १७९१ सालीं स्नायूंच्या हालचालींतील विद्युच्छक्तीवर आपला लॅटिन निबंध प्रसिद्ध केला. मेलेल्या बेडकाच्या तंगडीला दोन भिन्न धातूंचा स्पर्श घडविला म्हणजे ती आंचका देते, हें त्यानें पाहिलें आणि प्राण्याच्या देहांतच वीज आहे असें अनुमान काढलें. पाव्हिया येथील पदार्थविज्ञानाचा अध्यापक आलेस्सांद्रो व्होल्टा याला तें पटेना. त्याचें म्हणणें असें कीं, वीज बेडकांत नसून दोन धातूंच्या ओल्या संबंधांत आहे. बेडूक बिचारा ती झाली एवढेंच सांगतो. वाद पुष्कळ वर्षें चालला. गॅल्व्हानीच्या पक्षानें १७९४ सालीं धातूचा अजिबात उपयोग न करतां, केवळ मज्जातंतु आणि स्नायु यांच्या स्पर्शानें आंचका येतो हें दाखविलें. व्होल्टानें १८०० सालीं धातूंच्या चकत्यांची रास रचून जगांतील पहिली बॅटरी दाखविली. शाळेंतील पुस्तकें हा वाद व्होल्टानें जिंकला असें सांगून पुढें जातात. खरें पाहतां दोघेही बरोबर होते. आणि गंमत अशी कीं, तो वाद अजून मिटलेला नाहीं. परिचारिका लावते त्या प्रत्येक चिमट्याखालीं तो चालू आहे. चिमट्याचा धातु आणि कातडीवरचा खारट ओलावा यांच्या संबंधांतून तेथें व्होल्टाची एक सूक्ष्म बॅटरी तयार होते. तिचा दाब व्होल्टच्या कांहीं दशांशांइतका असूं शकतो. दोन चिमटे सारखे असले तर दोन बॅटऱ्या एकमेकींना बहुतेक मारून टाकतात, पण पूर्णपणें कधींच नाहीं. म्हणून अशा यंत्रानें ३०० मिलिव्होल्टपर्यंतचा असला फरक निमूटपणें सोसला पाहिजे, असें आजचें प्रमाण आहे. गॅल्व्हानीची वीज, म्हणजे हृदयाच्या ठोक्याची जी लहर आपल्याला हवी आहे, ती कातडीवर मोजली असतां उणीपुरी १ मिलिव्होल्ट भरते. तेव्हां यंत्र रचणाऱ्याला आरंभींच गॅल्व्हानीला त्याच्या तीनशेंपट बलाढ्य व्होल्टापासून सोडवून आणावें लागतें.

एकोणिसाव्या शतकांत या कामीं सर्वांत अधिक खपला तो बर्लिनचा एमिल द्यू बोआ-रेमों. मज्जातंतूंतील क्षीण प्रवाहानें चुंबकसुई हालावी म्हणून त्यानें आपल्या गॅल्व्हानोमीटरवर तारेचे चोवीस हजारांवर वेढे घातले. त्या काळीं वर्धक, म्हणजे ज्याला आपण ॲम्प्लिफायर म्हणतों, तो नव्हता. जें काय वाढवावयाचें तें वेढ्यांनीं आणि चिकाटीनें. पुढें माणसाचा हात आवळला असतां त्यांतून वीज निघते काय, हें पाहण्याचें त्यानें मनावर घेतलें. कातडीचा कोरडा थर प्रवाहाला अडवितो हें त्याच्या ध्यानांत आलें, तेव्हां त्यानें स्वतःच्या हातांवर फोड उठविले, त्यांवरची कातडी काढून टाकली, आणि उघड्या मांसाला खाऱ्या पाण्याचा संबंध जोडून प्रयोग केला. सुई हालली. आज परिचारिका चिमट्याखालीं थंड लगदा चोपडते तो याच कामासाठीं. त्या लगद्याच्या जागीं पूर्वीं फोड होते, हें रुग्णानें मनांत आणलें तर त्याची कुरकुर कमी होईल.

लंडन येथील ऑगस्टस वॉलर यानें १८८७ सालीं माणसाच्या हृदयाचा विद्युत्-आलेख प्रथम काढला. त्याचें साधन म्हणजे केसाएवढ्या भोंकाच्या नळींतील पारा; विजेचा दाब बदलला कीं पारा किंचित् सरके, आणि त्याची छाया फोटोच्या सरकत्या कांचेवर पडे. जिमी नांवाचा त्याचा कुत्रा खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत पाय ठेवून सभेपुढें शांतपणें उभा राही, आणि याबद्दल १९०९ सालीं ब्रिटिश पार्लमेंटांत प्राण्यांच्या छळाचा प्रश्नसुद्धां विचारण्यांत आला. पारा जड, त्यामुळें आलेख मागें रेंगाळे. वॉलरचा प्रयोग १८८९ सालीं पाहिलेला लायडनचा अध्यापक विलेम आइन्थोव्हेन यानें प्रथम गणितानें ती सुस्ती दुरुस्त केली, आणि मग पाराच टाकून दिला. १९०१ सालीं त्यानें वर्णिलेल्या यंत्रांत प्रचंड विद्युच्चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्यें गारगोटीच्या कांचेचा, वर चांदीचा मुलामा दिलेला, एक तंतु ताणलेला होता. तंतु इतका बारीक कीं, वितळलेली गारगोटी बाणाच्या शेपटाला चिकटवून बाण सोडावा आणि मागें ओढली जाणारी दोरी उचलून घ्यावी, ही तो करण्याची रीत. सारें यंत्र सुमारें २७० किलो वजनाचें, चुंबक थंड ठेवण्यास पाण्याचा प्रवाह, चालविण्यास पांच माणसें. यंत्र रुग्णालयांत नेणें अशक्य, म्हणून रुग्णालयांतील रोग्याच्या हृदयाची वीजच टेलिफोनच्या तारांवरून मैलभर दूर प्रयोगशाळेंत आणण्यांत आली. त्याला १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें तें अगदीं यथायोग्य होतें.

परंतु तंतूच्या यंत्राला एक अंगचीच मर्यादा होती. तंतु हालविण्यास लागणारी शक्ति तें शरीराकडूनच घेई. वैद्यानें तपासणीसाठींच इतकें रक्त काढावें कीं रोगी त्यानेंच पांढरा पडावा, तसा हा प्रकार. हृदय उदार, त्याला तें परवडे. एकेका मज्जातंतूच्या संदेशाला परवडत नसे. शरीराकडून जवळजवळ कांहींच न घेतां केवळ त्याच्या इशाऱ्यावर दुसरीकडची मोठी शक्ति नाचविणारें साधन पाहिजे होतें, आणि तें निर्वात नळीच्या, म्हणजे रेडिओच्या व्हॉल्व्हच्या रूपानें, वैद्यकाशीं कांहींएक संबंध नसलेल्या मार्गानें आलें. ली द फॉरेस्टनें १९०६ सालीं तिची कल्पना काढली. पहिल्या महायुद्धांत बिनतारी संदेशांसाठीं ती सुधारली. युद्धकाळांत अमेरिकन आरमारांत बिनतारीचें काम केलेला शारीरशास्त्रज्ञ अलेक्झांडर फोर्ब्ज यानें थॅचरसह १९२० सालीं ती तंतूच्या यंत्राला जोडली. पुढच्याच वर्षीं सेंट लुईच्या गॅसर आणि न्यूकमर यांनीं तीन पायऱ्यांचा वर्धक करून श्वासपटलाच्या मज्जातंतूंतील संदेश टिपले, आणि १९२२ सालीं गॅसर व अर्लांगर यांनीं त्याला कॅथोड किरणांची नळी जोडली. किरणाला वजनच नसल्यामुळें रेंगाळण्याचा प्रश्न मिटला.

आतां वाटावें कीं संपलें. शंभर पट वाढवा, हजार पट वाढवा, लाख पट वाढवा. व्हॉल्व्ह एकापुढें एक जोडीत गेलें म्हणजे झालें. पण खरी अडचण येथूनच सुरू होते, कारण वर्धक हा आंधळा नोकर आहे. त्याच्या दारांतून जें आंत येईल तें तो सारख्याच निष्ठेनें फुगवितो. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत एका हुशार विद्यार्थ्यानें स्वतः जुळविलेल्या वर्धकानें आपल्या दंडाच्या स्नायूंची वीज पडद्यावर आणली आणि आनंदानें सर्वांना बोलावून आणलें. लहर फारच सुंदर होती. इतकी गोंडस आणि नियमित कीं मला शंका आली. मोजली तेव्हां सेकंदाला बरोबर पन्नास आवर्तनें भरलीं. तो त्याचा दंड नव्हता. डोक्यावरच्या दिव्याला वीज पुरविणारी भिंतींतील तार होती.

केंब्रिजच्या एडगर एड्रियनच्या आयुष्यांतील मोठा शोध असल्याच शंकेंतून निघाला. त्याचा गुरु कीथ ल्यूकस १९१६ सालीं विमानाच्या अपघातांत वारला होता. त्याच्या पाऱ्याच्या नळीला एड्रियननें गॅसरच्या धर्तीवर तीन व्हॉल्व्हचा, जवळजवळ दोन हजार पट वाढविणारा वर्धक जोडला. बेडकाचा स्नायु टांगून त्याचा मज्जातंतु तो यंत्राला लावी. आरंभींच रेषा एकसारखी थरथरूं लागली. एड्रियनला वाटलें, वर्धकच बिघडला. स्वतःच्याच आवाजानें घुमणें हा व्हॉल्व्हचा प्रसिद्ध दुर्गुण. परंतु स्नायु कांचेवर टेंकवून सैल ठेवला कीं थरथर थांबे; पुन्हां टांगला कीं पुन्हां सुरू होई. बिघाडाला स्नायु ताणलेला आहे कीं सैल आहे हें कसें कळावें? ती थरथर म्हणजे ताणलेल्या स्नायूंतील संवेदक टोंकें मेंदूकडे पाठवीत असलेल्या संदेशांची रांग होती. त्यानें स्वीडनच्या झॉटरमनसह १९२६ सालीं एकाच टोंकाचे संदेश वेगळे काढून दाखविले: ताण वाढला तर संदेश मोठा होत नाहीं, ते अधिक लवकर लवकर येतात. १९३२ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्याचा वाटा होता. वर्धकानें त्याला हें दाखविलें असें म्हणण्यापेक्षां, स्नायु टेंकवून पाहण्याचें त्याला सुचलें म्हणून दिसलें, असें मी म्हणेन.

याच्या उलट बाजूची कथा येना येथील मनोरुग्णवैद्य हान्स बर्गर याची. तरुणपणीं लष्करी शिक्षण घेत असतां तो घोड्यावरून पडून तोफगाड्याखालीं चिरडतां चिरडतां वांचला. त्याच संध्याकाळीं वडिलांची तार आली. घरीं बहिणीला भाऊ संकटांत आहे असें एकाएकीं वाटलें होतें. या योगायोगानें त्याच्या मनाची अशी पकड घेतली कीं, गणित व ज्योतिष सोडून तो वैद्यकाकडे वळला आणि मनाची शक्ति मोजतां येते काय, याचा जन्मभर शोध करीत बसला. शोधाचा हेतु आज कोणी मान्य करणार नाहीं. पण चुकीच्या पत्त्यावर निघालेला माणूसही कधींकधीं योग्य घरीं पोहोंचतो. ६ जुलै १९२४ रोजीं, कवटीचा एक भाग शस्त्रक्रियेनें काढलेल्या एका सतरा वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवरून त्याला लहानशी लहर मिळाली. येथें मोजमाप मिलिव्होल्टचें नव्हे. कवटीवरून मेंदूची वीज मोजली तर ती १० ते १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या दहावीस किंवा पन्नाससाठ पट, एवढीच असते. बर्गर प्रथम नुसत्या गॅल्व्हानोमीटरवर काम करीत होता. ही लहर रक्ताच्या नाडीची तर नव्हे, कातडीच्या हालचालीची, डोळ्यांच्या पापणीची, श्वासाची तर नव्हे, अशा एकेक शंका तो स्वतःच काढी आणि स्वतःच खोडी. आपला मुलगा क्लाउस याच्या डोक्यावरूनही त्यानें आलेख काढले. पांच वर्षें त्यानें तोंड उघडलें नाहीं. १९२९ सालीं त्याचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला: माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला असतां मेंदूंत सेकंदाला सुमारें दहा लहरी उठतात, डोळे उघडले किंवा मन कामाला लावलें कीं त्या मावळतात.

कोणीं विश्वास ठेवला नाहीं. यांत केवळ द्वेष किंवा दुराग्रह होता असें मला वाटत नाहीं. इतक्या क्षीण लहरींच्या गोंगाटांतून कोणतीही मनाजोगी आकृति निघूं शकते, हें प्रत्येक प्रयोगकर्त्याला ठाऊक होतें. आणि मेंदूसारख्या कोट्यवधि पेशींच्या बाजारांतून एकाच तालांत दहा ठोके यावे, हें मज्जातंतूंचा तुटक खडखडाट ऐकण्याची संवय झालेल्या कानांना खोटें वाटणें साहजिकच होतें. एड्रियनलाही शंकाच होती. ती फिटावी म्हणून सहकारी ब्रायन मॅथ्यूज याच्यासह त्यानें १९३४ सालीं प्रयोग हातीं घेतला आणि स्वतःचेंच डोकें पुढें केलें. त्याची लहर चांगली ठसठशीत निघाली. त्याच वर्षीं केंब्रिज येथें शारीरशास्त्रज्ञांच्या सभेपुढें एड्रियन डोळे मिटून बसला, दहाची लहर उठली. डोळे उघडले, रेषा सपाट झाली. दोघांनीं तिला बर्गरचें नांव दिलें.

बर्गरच्या पुढील आयुष्याविषयीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १९३८ सालीं तो निवृत्त झाला व १९४१ सालीं त्यानें आत्महत्या केली. नाझी राजवटीनें छळलेला साधुपुरुष असें त्याचें चित्र पुष्कळ दिवस रंगविलें जात असे. अलीकडच्या संशोधनानें तें टिकूं दिलेलें नाहीं; सक्तीच्या वंध्यीकरणाचीं प्रकरणें चालविणाऱ्या येनाच्या न्यायासनावर तो स्वतः बसत असे. दहाची लहर त्यामुळें खोटी होत नाहीं, आणि लहर खरी म्हणून तेंही विसरतां येत नाहीं.

१९३४ सालींच मॅथ्यूजनें एका खास वर्धकाचें अगदीं त्रोटक वर्णन प्रसिद्ध केलें. त्याची कल्पना समजण्यास मुंबईच्या बंदरांतील होडी डोळ्यांपुढें आणावी. होडींत दोन माणसें बसलीं आहेत आणि त्यांतला कोण एका बोटानें उंच आहे हें आपल्याला ठरवावयाचें आहे. धक्क्यावरून प्रत्येकाची उंची मोजूं लागलों तर भरतीबरोबर दोघेही कांहीं हात वर चढतील, ओहोटीबरोबर खालीं जातील, आणि ते एक बोट त्या उलाढालींत हरवून जाईल. पण एकाच्या डोक्यापासून दुसऱ्याच्या डोक्यापर्यंत मोजलें तर समुद्रानें काय वाटेल तें करावें. घरांतल्या विजेच्या तारा माणसाच्या सबंध देहाला सेकंदाला पन्नास वेळां अशीच भरतीओहोटी लावीत असतात. जुना वर्धक धक्क्यावरून, म्हणजे जमिनीपासून मोजी. मॅथ्यूजनें दोन व्हॉल्व्ह समोरासमोर असे जोडले कीं, दोन्ही विद्युदग्रांवर सारखेंच चढणारें जें असेल तें एकमेकांशीं कटून जावें आणि फक्त दोहोंतील फरक पुढें वाढावा. पुढच्या तीनचार वर्षांत टोन्निस, ऑफनर, श्मिट यांनीं या रचनेला निरनिराळ्या बाजूंनीं पक्केपणा आणला. दोन्ही व्हॉल्व्हच्या कॅथोडांना मिळून एकच मोठा रोध द्यावा, म्हणजे दोघे मिळून कांहीं करूं लागले कीं तो दोघांनाही आवरतो, ही त्यांतली मुख्य युक्ति. दूरचित्राच्या कामासाठीं इंग्लंडांत ब्लमलाइननें १९३६ सालीं तशाच जोडीचें पेटंट घेतलें होतें.

१९४७ सालीं ट्रान्झिस्टर निघाला, पुढें सबंध वर्धक नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यांत मावूं लागला. तत्त्व मॅथ्यूजचेंच राहिलें. आज दोन्ही टोंकांवर सारख्या असलेल्या दाबाला हव्या असलेल्या फरकाच्या मानानें लाखाव्या हिश्शाएवढाच वाव देणारे तुकडे बाजारांत मिळतात. परंतु चांगला तुकडा विकत घेतला म्हणजे चांगलें यंत्र झालें असें नव्हे. व्होल्टाच्या बॅटरीचें उदाहरण घ्या. तिचा दाब स्थिर असतो, म्हणून वाटेंत कंडेन्सर घालून स्थिर तेवढें अडवावें व हालतें तेवढें पुढें सोडावें, ही साधी युक्ति. पण स्थिर कशाला म्हणावयाचें? हृदयाच्या आलेखांत एस् आणि टी या खुणांमधील लहानसा सपाट तुकडा असतो. तो वर उचलला गेला किंवा खालीं बसला, तर हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरें पडत असल्याची ती खूण असूं शकते. हा तुकडा मंद आहे. कंडेन्सर उतावळा निवडला, तर रेषा पडद्यावर छान स्थिर राहते, रुग्ण हालला तरी भटकत नाहीं, परिचारिकेला आवडते. आणि तो तुकडा मात्र आपल्या जागेवरून सरकतो. निरोगी माणूस रोगी दिसूं शकतो आणि रोगी निरोगी. म्हणून निदानाच्या आलेखासाठीं वीस सेकंदांत एक आवर्तन इतकी मंद लहरही जाऊं द्यावी असा दंडक आहे. दोन सेकंदांत एक ही मर्यादा केवळ खाटेजवळच्या पहाऱ्याच्या पडद्यापुरती चालते. रेषा सुबक आहे म्हणून ती खरी आहे असें समजूं नये, हें माझ्या विद्यार्थ्याच्या पन्नास आवर्तनांनीं मला एकदां दाखविलें होतेंच.

आतां उजव्या पायाची तार. होडीच्या दोन माणसांत भरती कितीही कटली तरी ती पूर्णपणें कटत नाहीं. दोन चिमट्यांखालची कातडी सारखी नसते, आणि जेवढी असमानता तेवढी भरतीची गळती आलेखांत उतरते. म्हणून मुळांतच होडीला नांगर टाकलेला बरा. पूर्वीं उजवा पाय सरळ जमिनीला जोडून टाकीत. त्यांत एक भयंकर दोष होता: त्याच रुग्णाला लावलेलें दुसरें एखादें उपकरण बिघडून त्यांतून वीज झिरपूं लागली, तर जमिनीकडे जाण्याचा तिचा राजमार्ग त्याच्या देहांतून आणि त्या उजव्या पायांतून तयार असे. कातडी कांहीं अंशीं राखते. पण हृदयांत थेट नळी घातलेल्या रुग्णाच्या बाबतींत ती राखणही उरत नाहीं, आणि तेथें साध्या स्थितींत १० मायक्रोॲम्पियरपलीकडे गळती होऊं देऊं नये असा आजचा नियम आहे. हातानें स्पर्श केला असतां आपल्याला इतका प्रवाह जाणवतही नाहीं.

यावर काढलेला तोडगा असा. दोन्ही टोंकांवर सारखी चढणारी भरती किती आहे हें यंत्र स्वतः मोजतें, ती उलटी करतें, वाढवितें, आणि उजव्या पायाच्या तारेनें देहाकडे परत पाठवितें. देह वर चढूं लागला कीं ही तार त्याला खालीं ओढते, खालीं गेला कीं वर ढकलते. सबंध माणूस जागच्या जागीं स्थिर राहतो. विंटर आणि वेब्स्टर यांनीं १९८३ सालीं या मंडलाची सांगोपांग चिकित्सा प्रसिद्ध केली. तारेंत मोठा रोध घातलेला असतो, त्यामुळें यंत्र बिघडलें तरी अपायकारक प्रवाह तिच्यांतून जाऊं शकत नाहीं. इतर नऊ तारा शरीरापासून ऐकतात. ही एकटीच शरीराला कांहीं सांगते. म्हणून तिला जागेचा आग्रह नाहीं. उजवा पाय गमावलेल्या माणसाच्या मांडीला किंवा कमरेला ती लावली तरी बारा अंगांपैकीं एकांतही फरक पडत नाहीं; चिमटा सुटला तर मात्र सगळ्याच आलेखांत भिंतींतील विजेची पन्नास आवर्तनांची बारीक करवत उमटूं लागते, आणि परिचारिका उठून प्रथम उजव्या घोट्याकडे पाहते.